मुलांचा पक्षी प्रकल्प: तिसरी ते पाचवीच्या मुलांना माहिती शोधायला कशी मदत करायची

‘कोणत्याही एका पक्ष्याची माहिती लिहा व चित्रे चिकटवा.’ वहीत एवढीच सूचना येते आणि बहुतेक घरांत पुढचं सगळं एका संध्याकाळी उरकलं जातं. स्टेशनरीच्या दुकानातून मोराचा तक्ता येतो, मोबाइलवरचे दोन परिच्छेद आई सांगते, मूल लिहितं. प्रकल्प पूर्ण होतो, पण मुलाने पक्षी काही पाहिलेला नसतो.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे काम खरोखर चांगलं जमतं. फक्त क्रम उलटा हवा. आधी पक्षी पाहायचा, मग प्रश्न काढायचे, मग पुस्तकं, आणि इंटरनेट सर्वांत शेवटी. रोज वीस-पंचवीस मिनिटं दिली तर दहा दिवस पुरतात. इथे उदाहरणादाखल साळुंकी घेतली आहे. ती खेड्यात आणि शहरात बाराही महिने दिसते, माणसाला फारशी बुजत नाही आणि तिच्याबद्दल माहितीही भरपूर मिळते.

पक्षी कोणता घ्यायचा

कसोटी एकच: तो पक्षी घरातून, गच्चीवरून किंवा शाळेच्या वाटेवर आठवड्यातून तीन-चार वेळा तरी दिसला पाहिजे. पेंग्विन, शहामृग, गरुड ही मुलांची लाडकी नावं असतात, पण त्यांची माहिती फक्त उतरवून काढता येते. मुलगा हट्टाला पेटला तर गरुडाऐवजी घार सुचवा. वाकडी चोच, नखं, आकाशात घिरट्या घालणं हे सगळं तिच्यात आहे आणि ती डोक्यावर रोज असते.

बारमाही आणि सोपे पक्षी म्हणजे साळुंकी, कावळा, पारवा, लालबुड्या बुलबुल, घार, दयाळ, शिंपी. पाणथळ जागा जवळ असेल तर वंचक, गायबगळा, टिटवी. चिमणी जिथे आहे तिथे उत्तम. काही पक्षी मात्र प्रकल्प कधी द्यायचा आहे ते पाहून निवडावे लागतात. सुगरणीचं घरटं विणणं पाहायचं तर साधारण जून ते सप्टेंबर. कोकिळ मार्चपासून पावसाळ्यापर्यंत खूप ओरडतो, थंडीत तो जवळच असला तरी सहसा गप्प असतो. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो (५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालीम अली यांचा जन्मदिवस). शाळांचे प्रकल्प बरेचदा याच सुमारास येतात आणि तेव्हा हिवाळी पाहुणे पक्षीही दाखल झालेले असतात.

‘राज्यपक्षी’ म्हणून हरियाल घ्यायला सांगितलं असेल तर जरा जपून. हा हिरवा-पिवळा कबुतरासारखा पक्षी वड, पिंपळ, उंबराच्या फळांवर थव्याने येतो, पण पानांत असा मिसळून जातो की मोठ्यांनाही पटकन सापडत नाही, आणि जमिनीवर तो क्वचितच उतरतो. जवळपास फळांनी लगडलेला वड असेल तरच त्याच्या वाटेला जा. शोधताना पिवळे पाय ही त्याची चांगली खूण.

पिंजऱ्यातला पोपट घेऊ नका. आपल्याकडचे जंगली पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय पिंजऱ्यात पक्षी काय खातो, कुठे घरटं करतो, कोणाबरोबर राहतो, यातलं काहीच दिसत नाही.

उत्तरांआधी प्रश्न

पहिल्या दिवशी मोबाइल उघडू नका. मुलाला विचारा, ‘या पक्ष्याबद्दल तुला काय माहीत आहे?’ आणि ‘काय माहीत करून घ्यायचंय?’ दोन्हींची उत्तरं त्याच्याच शब्दांत दोन कागदांवर लिहा. पहिल्या कागदावरच्या बऱ्याच गोष्टी चुकीच्या निघतील. त्या आत्ता दुरुस्त करू नका. शेवटी तो कागद पुन्हा काढला की मुलाला स्वतःच कळतं आपण काय नवीन शिकलो.

दुसऱ्या कागदावर पाच ते सात प्रश्न पुरेत. मुलं ‘साळुंकीचं शास्त्रीय नाव काय?’ छापाचे प्रश्न काढतात, कारण शाळेत तेच विचारलं जाईल असं त्यांना वाटतं. असले एक-दोन असू द्या, पण बाकीचे डोळ्यांनी पाहून उत्तर मिळेल असे हवेत. ती जमिनीवर चालते की उड्या मारते? एकटी असते की जोडीने? दिवसातून कुठल्या वेळी जास्त दिसते? दुसरा पक्षी आला की काय करते? रात्री कुठे जाते? हे शेवटचे दोन प्रश्न बहुतेक प्रकल्पांत नसतात आणि मुलांना सगळ्यात जास्त मजा त्यातच येते.

पाच दिवसांचं निरीक्षण

इथे घाई केली की सगळा प्रकल्प नकलेवर जातो. म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

वेळ सकाळची, उजाडल्यापासून नऊपर्यंत, किंवा संध्याकाळी साडेचारनंतर. दुपारी बहुतेक पक्षी सावलीला गप्प बसतात. एकच जागा ठरवा आणि रोज तिथेच दहा मिनिटं बसा. पक्ष्याच्या मागे धावायचं नाही. पाच-सहा मीटरवर शांत बसलं की साळुंकी दोन-तीन मिनिटांत आपल्या कामाला लागते. दुर्बीण लागतेच असं नाही. घरात असेल तर आठपट मोठं दाखवणारी हलकी दुर्बीण बरी. त्याहून ताकदीची लहान हातांत स्थिर राहत नाही, चित्र हलत राहतं आणि मूल कंटाळतं.

गॅलरीपलीकडे काही दिसत नसेल तर मातीचं पसरट भांडं पाण्याने भरून ठेवा. पाण्याची खोली दोन इंचांहून कमी हवी आणि मध्ये एक दगड, म्हणजे छोट्या पक्ष्यांनाही टेकता येतं. पाणी रोज बदला आणि भांडं घासा, नाहीतर डास होतात आणि पक्ष्यांना रोगही लागतात. पक्ष्यांना त्या जागेची ओळख व्हायला काही दिवस जातात, म्हणून प्रकल्प मिळाल्या दिवशीच भांडं मांडा. पाव, बिस्किटं, फरसाण घालू नका. पक्षी येतील, पण त्यांच्या खऱ्या आहाराची नोंद बिघडेल.

वहीच्या एका पानावर सहा रकाने आखा: वेळ, एका वेळी दिसलेले सर्वांत जास्त पक्षी, जागा, काय करत होता, काय खाल्लं, सोबत कोण. दुसऱ्या रकान्याकडे लक्ष द्या. मुलं दर वेळी आलेला पक्षी मोजत जातात आणि दहा मिनिटांत ‘तेवीस साळुंक्या’ होतात, प्रत्यक्षात त्याच दोघी ये-जा करत असतात. म्हणून एकाच क्षणी एकत्र जेवढ्या दिसल्या तेवढाच आकडा लिहायचा. पक्षीगणना करणारेही ही अडचण अशीच टाळतात.

पहिल्या दिवशी नोंदी नकोत, फक्त चित्र. चित्र काढायला बसलं की डोळा खरं पाहू लागतो. डोकं, चोच, पाठ, पोट, पंख, शेपटी, पाय या क्रमाने प्रत्येकाचा रंग विचारा. ‘साळुंकी तपकिरी’ एवढंच सांगणाऱ्या मुलाला मग डोकं काळं दिसतं, डोळ्यामागे उघड्या कातडीचा पिवळा डाग दिसतो, चोच आणि पायही पिवळे दिसतात. ती उडेपर्यंत थांबा. बसलेल्या साळुंकीच्या पंखात जेमतेम दिसणारा पांढरा पट्टा उडताना लख्ख उघडतो आणि शेपटीचं टोकही पांढरं दिसतं.

दुसऱ्या दिवशी चाल पाहा. चिमणी दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. साळुंकी एकामागून एक पाय टाकत चालते, घाई असली तर मध्येच उडी घेते. हे मुलाला सांगू नका. शेजारी बसा आणि फक्त विचारा, ‘पाय एकत्र पडतायत की एकामागून एक?’ हे वाक्य पुढे अहवालात आलं की शिक्षकांनाही कळतं की पक्षी खरंच पाहिलाय.

तिसऱ्या दिवशी खाणं, चौथ्या दिवशी आवाज. आवाज जसा ऐकू येतो तसा मुलालाच अक्षरांत लिहू द्या. आपल्या लोकांनी हेच केलंय: पावशाचं ‘पेरते व्हा’ किंवा टिटवीचं नाव असंच पडलं. मुलाने ‘कीक कीक चुर्र’ लिहिलं तर ते खोडू नका.

पाचव्या दिवशी सूर्यास्ताच्या सुमारास बाहेर पडा. साळुंक्या रात्रीच्या मुक्कामाला एखाद्या दाट झाडावर मोठ्या संख्येने गोळा होतात आणि काळोख पडेपर्यंत गलका करतात. बसस्थानक, बाजारपेठ, देवळासमोरचा वड अशा ठिकाणी असं झाड हमखास सापडतं. तिथे मोजायचा प्रयत्न करू नका, कुठल्या दिशांनी थवे येतात तेवढं लिहा.

एक सवय पहिल्यापासून लावा: जे दिसलं ते आणि जे वाटलं ते वेगळं लिहायचं. ‘साळुंकी चिडली’ असं मूल म्हणालं की विचारा, ‘तिने काय केलं म्हणून तसं वाटलं?’ मग ‘मान खाली-वर केली, पिसं फुलवली आणि ओरडली’ असं उत्तर येतं. नोंद म्हणून हेच लिहायचं.

घरट्याचं मात्र कडक पथ्य आहे. घरटं सापडलं तर लांबूनच पाहायचं. फांदी वाकवायची नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही, अंडी-पिल्लांना हात लावायचा नाही. माणूस वारंवार जाऊ लागला की पक्षी घरटं सोडू शकतात, आणि माणसाच्या मागे कावळे-मांजरांनाही त्याचा पत्ता लागतो. रिकामं वाटणारं घरटंही काढून प्रकल्पात लावू नका, ते पुन्हा वापरात येऊ शकतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणंही नको, विशेषतः विणीच्या काळात. आपल्या हद्दीत दुसरा पक्षी घुसला असं समजून तो कामधाम सोडून हैराण होतो.

दोन दिवसांत पक्षी दिसलाच नाही तर दुसरा घ्या, पण ‘दिसला नाही’ ही नोंद तारखेसह ठेवा.

नाव पक्कं करा

पुस्तकांकडे जाण्याआधी आपण पाहिला तो पक्षी नेमका कोणता हे ठरलं पाहिजे, नाहीतर पुढची सगळी माहिती दुसऱ्याच पक्ष्याची लिहिली जाते. आकार सांगायची जुनी पद्धत मुलांना लगेच जमते: चिमणीएवढा (सुमारे १५ सेंमी), बुलबुलाएवढा (२० सेंमी), साळुंकीएवढा (२३ सेंमी), कावळ्याएवढा (४० सेंमीच्या आसपास), घारीएवढा (६० सेंमी). ‘साळुंकीपेक्षा थोडा लहान, डोकं काळं, तुरा, शेपटीखाली लाल’ एवढ्यावर लालबुड्या बुलबुल ओळखता येतो.

साळुंकीतही गोंधळ होतो. जंगल मैनेच्या डोळ्यामागे पिवळा डाग नसतो आणि चोचीच्या मुळाशी पिसांचा छोटा झुबका असतो. भांगपाडी मैनेच्या डोक्यावर काळी शेंडी आणि अंग बदामी. कवडी मैना काळी-पांढरी. मुलाने काढलेलं चित्र घेऊन हे फरक ताडून पाहा.

मराठी नावं गावागणिक बदलतात. भारद्वाजाला कुठे कुंभारकुकडा म्हणतात, कुठे सोनकावळा. आजीने सांगितलेलं नाव अहवालात जरूर घ्या, पण शोधताना गफलत नको म्हणून शास्त्रीय नावाशी जोडून ठेवा. साळुंकीचं ‘ॲक्रिडोथेरेस ट्रिस्टिस’. पाठ करायची गरज नाही, फक्त पुस्तकातलं, वेबसाइटवरचं आणि आपल्या वहीतलं नाव एकाच पक्ष्याचं आहे ना, एवढं त्यावरून तपासता येतं.

कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे मोफत ॲप फोटो किंवा आवाजावरून नाव सुचवतं. त्यात भारताची यादी उतरवून घ्यावी लागते. आवाजावरून सुचवलेलं नाव मात्र अंदाज म्हणूनच घ्या. रहदारीच्या गोंगाटात ते चुकतं. नाव कळल्यावर पक्षी प्रत्यक्ष दिसला तरच यादीत लिहा.

पुस्तकं, माणसं, मग इंटरनेट

निरीक्षणातून न मिळालेली उत्तरं, म्हणजे अंडी किती, पिल्लं किती दिवसांनी उडतात वगैरे, आता शोधायची. पोस्टकार्डाएवढे कागद कापा. एका कागदावर एकच प्रश्न, खाली उत्तर, मागच्या बाजूला ते कुठून मिळालं. मोठ्या वहीत मुलं पानंच्या पानं उतरवतात. लहान कागदावर जागाच नसते, म्हणून निवड करावी लागते.

शाळेच्या ग्रंथालयात किंवा वाचनालयात मराठीतून लिहिलेली पक्ष्यांची सचित्र पुस्तकं असतात. मूल अनुक्रमणिका आणि शेवटची नावांची सूची वापरायला शिकलं तर तेवढ्यासाठीही फेरी वाया जात नाही. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत वाचता येतो, पण त्याची भाषा या वयाला जड आहे, म्हणून शेजारी बसून वाचा. आजी-आजोबा, शेतकरी, माळी, वॉचमन हेही माहितीचे स्रोत आहेत. त्यांना विचारायचे तीन प्रश्न आधी लिहून न्या. ‘तुमच्या लहानपणी हा पक्षी जास्त होता का?’ हा एक तरी हवाच.

इंटरनेटवर सर्वांत मोठी चूक देशाची होते. ऑस्ट्रेलियात साळुंकी माणसाने नेऊन सोडली आणि तिथे ती उपद्रवी परकी पाखरं म्हणून गणली जाते. तिथल्या पानावरून माहिती घेतली की मूल लिहितं, ‘साळुंकी हा परदेशी, घातक पक्षी आहे.’ भारतात ती मूळचीच आहे. चिमणीचंही अमेरिकेच्या बाबतीत असंच होतं. ‘रॉबिन’ शोधलं तर युरोप-अमेरिकेचे तांबड्या छातीचे पक्षी पुढे येतात आणि आपल्या काळ्या-पांढऱ्या दयाळाच्या अहवालात त्यांचे फोटो चिकटतात. म्हणून शोधताना ‘भारत’ हा शब्द जोडा आणि पान कुठल्या देशातलं आहे ते आधी बघा.

प्रत्येक आकडा दोन वेगळ्या ठिकाणी मिळाला पाहिजे. दोन ठिकाणी वेगळा दिसला तर घाबरू नका, ‘४ ते ६ अंडी’ असा पल्ला लिहा. निसर्गात तो पल्लाच असतो. एआयला विचारून मिळालेलं उत्तरही याच नियमाने तपासा, ते चुकलं तरी तितक्याच ठामपणे सांगतं.

मिळालेला आकडा मुलाच्या हातात द्या. साळुंकीचं वजन सुमारे ११० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढे तांदूळ पिशवीत मोजा आणि तळहातावर ठेवा. जुन्या वर्तमानपत्राची १५ आणि २३ सेंमीची पट्टी कापली की चिमणी आणि साळुंकीतला फरक डोळ्यांसमोर येतो. या दोन पट्ट्या अहवालातही चिकटवता येतात.

ऐकीव गोष्टी कुठे ठेवायच्या

आपल्या भाषेत पक्षी भरपूर आहेत आणि त्यांच्याबद्दलचे समजही. चातक फक्त पावसाचं पाणी पितो, मोराच्या अश्रूंनी लांडोर गाभण राहते, हंस दूध आणि पाणी वेगळं करतो. हे माहिती म्हणून लिहायचं नाही, पण फेकूनही द्यायचं नाही. ‘लोक काय म्हणतात’ अशी छोटी चौकट करा आणि शेजारी खरं काय ते लिहा. चातक पावसाळ्याच्या तोंडावर येतो, म्हणून त्याचं पावसाशी नातं जोडलं गेलं, हे कळल्यावर मुलाला दोन्ही गोष्टी आवडतात.

नर-मादीच्या बाबतीत हमखास चुका होतात. गाणारा ‘कुहू’वाला कोकिळ हा नर असतो, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी आणि अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. सुगरणीचं घरटं नर विणतो. अर्धवट विणलेलं घरटं मादी येऊन पाहते, पसंत पडलं तर तो पुढे पुरं करतो. साळुंकीत नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून ‘नर अमुक, मादी तमुक’ असं लिहायचा मोह टाळा. खंड्याबद्दल सगळी मुलं ‘मासे खातो’ लिहितात. पांढऱ्या छातीचा आपल्या नेहमीच्या बघण्यातला खंड्या मात्र पाण्यापासून दूरही दिसतो आणि नाकतोडे, सरडे, बेडूकही पकडतो.

लिहिताना

कागदांचे तुकडे प्रश्नांच्या क्रमाने लावा. मग एक कागद वाचायचा, पालथा घालायचा, तोंडी सांगायचं आणि सांगितलं तसंच लिहायचं. कागद समोर ठेवून लिहिलं की नक्कलच होते. ‘हा पक्षी सर्वभक्षी असून मानवी वस्तीलगत आढळतो’ असं वाक्य आलं की थांबवा आणि विचारा, ‘हे तू तुझ्या मित्राला कसं सांगशील?’ ‘साळुंकी किडे खाते, फळं खाते आणि आमच्या कचरापेटीजवळचा भातही खाते’ हे वाक्य त्याहून कितीतरी चांगलं. शुद्धलेखन दुरुस्त करा, वाक्यं बदलू नका.

तिसरीला १२०-१५० शब्द, पाचवीला २५०-३०० शब्द पुरतात. स्वतः पाहिलेलं निळ्या पेनाने आणि वाचलेलं काळ्या पेनाने लिहायला सांगा. एका नजरेत कळतं काय कुठून आलं, आणि निळं कमी दिसलं की मूल स्वतःच आणखी एकदा गच्चीवर जातं.

चित्र मुलाचंच हवं, भागांना नावं देऊन बाण काढलेलं. फोटो लावायचाच तर एक पुरे, तो कोणी आणि कुठे काढला हे खाली लिहून. खरी पिसं चिकटवू नका.

फाइलमध्ये पानं या क्रमाने लावा: नाव आणि चित्र, ‘मला काय माहीत होतं’चा पहिल्या दिवशीचा कागद, मुख्य अहवाल, ‘लोक काय म्हणतात’ची चौकट, माहिती कुठून मिळाली त्याची यादी (पुस्तकाचं नाव, लेखक आणि पान, वेबसाइट आणि पाहिल्याची तारीख, माणूस असेल तर ‘आजोबा’ किंवा ‘बागेतले माळीकाका’ एवढंच). सर्वांत शेवटी निरीक्षणाचं मूळ पान, खाडाखोड आणि मातीच्या डागांसकट. ते पुन्हा सुवाच्य उतरवून काढायची गरज नाही. वर्गात प्रश्न विचारले गेले की मूल तेच पान उघडून उत्तरं देतं.